तारीख दप्तरात, वास नाकात

ब्रह्मपुरी हे शिकवणाऱ्यांचे गाव. नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालयापासून गल्लीतल्या शिकवणीवर्गापर्यंत इथे मास्तरांची टंचाई कधी पडली नाही, आणि शिकवणारा माणूस निवृत्त झाला की पुढे काय होते हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. काही महिने तो पेन्शनच्या कागदांमागे असतो, काही महिने घरच्यांना शिस्त लावण्यात घालवतो, आणि घरच्यांनी हात टेकले की आत्मकथन लिहायला बसतो. वर्षा-दोन वर्षांत पदरमोड करून दीड-दोनशे पानांचे पुस्तक छापून होते. सभागृहात शाल-श्रीफळ होते, प्रमुख पाहुणे पुस्तक न उघडता ‘या लेखनाला मातीचा गंध आहे’ असे सांगतात, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही, कारण मातीचा गंध तिसऱ्या पानावर असतोच. या पुस्तकांची टिंगल करणे सोपे आहे. पण पुण्यातल्या वाड्यांच्या आठवणी इतक्या लिहून झाल्या आहेत की तिथल्या जिन्यांच्या पायऱ्यासुद्धा वाचकांना पाठ असाव्यात. वैनगंगेच्या काठच्या धानपट्ट्याबद्दल तिथल्याच माणसाने लिहिलेले मात्र फार थोडे. म्हणून इथला निवृत्त मास्तर कसे लिहितो याची चिकित्सा व्हायला हवी. त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. एकदा त्याची तपासली तर बिघडत नाही.

या उत्तरपत्रिकेत दोन दुखणी हटकून आढळतात. लेखकाला तारीख आठवत नाही याची लाज वाटते, आणि वास आठवतो याचा अभिमान वाटतो. तारखेसाठी तो जुने दाखले काढतो, मेहुण्याला फोन करतो, पंचांगवाल्या काकांकडे खेटे घालतो, आणि तरीही खात्री नसेल तर ‘1968 किंवा 69 च्या सुमारास’ असे विनयाने लिहितो. वासाच्या बाबतीत असला कसलाही विनय नाही. ‘आजीच्या लुगड्याचा तो वास आजही नाकात दरवळतो’ हे वाक्य लिहिताना तो कोणाला फोन करत नाही. माझे म्हणणे असे की ही काळजी नेमकी उलटी वाटली गेली आहे. तारीख चुकली तर ती कधी ना कधी कोणी तरी दुरुस्त करील, कारण तिची नोंद कुठल्या तरी दप्तरात पडलेली असते. वासाचा फेरफार कुठल्याच तलाठ्याकडे होत नाही. ज्या गोष्टीला दुसरा साक्षीदार नाही, ती लिहिताना लिहिणाऱ्यानेच स्वतःची उलटतपासणी घ्यायला हवी. आणि ज्या गोष्टीला दहा साक्षीदार आहेत, तिच्यासाठी रात्रीची झोप घालवू नये.

आधी तारखेचे पाहू. अशा पुस्तकातले पहिले वाक्य ‘माझा जन्म 1 जुलै रोजी झाला’ असे असते. त्या पिढीतली इतकी माणसे 1 जुलैला जन्मलेली आहेत की त्या दिवशी जिल्ह्यातल्या सुइणींना पाणी प्यायला उसंत मिळाली नसावी. पुढे सरकारी नियमानुसार ही सगळी मंडळी 30 जूनला एकगठ्ठा निवृत्त होते आणि निरोप समारंभांना हार कमी पडतात. याचे कारण सर्वांना माहीत आहे. पोरगा शाळेत आणला की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. बोटे कानाला टेकली की पोरगा सहा वर्षांचा. मग शाळा उघडण्याच्या हंगामातली सोयीची तारीख रजिस्टरात पडे. म्हणजे पुस्तकातली सर्वांत नेमकी तारीख हीच सर्वांत कमी खरी असते. आई मात्र सांगत असते, ‘पोळ्याच्या पाडव्याचा तू, तलावाची पाळ फुटली त्या सालचा.’ लेखक हे वाक्य अडाणीपणाचे समजून गाळतो आणि गुरुजींनी कानावरून काढलेली तारीख ठेवतो. गंमत अशी की दोन्हींची शहानिशा करायची सोय आहे. जुन्या मध्य प्रांतात कोतवाल गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवत असे. त्या कोतवाल पंजीच्या नकला आजही जातीच्या दाखल्यासाठी लोक तहसिलीतून काढतात. एक अर्ज केला की आईची सरशी होण्याचा संभव मोठा.

याच जातीच्या दुसऱ्या चुका तर बसल्या जागी सापडतात. कोणी लिहितो की 1970 साली आपली बदली ‘गडचिरोली जिल्ह्यात’ झाली; तो जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी जन्माला आला, त्याआधी नदीपलीकडचा सारा मुलूख चांद्याचाच, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचाच होता. कोणी 1955 साली महाराष्ट्र शासनाची शिष्यवृत्ती घेतो. त्या साली ब्रह्मपुरी मध्य प्रदेशात होती, राजधानी नागपूर होती आणि महाराष्ट्र राज्य यायला पाच वर्षे अवकाश होता. कोणी त्याच साली ‘पन्नास पैशांचे’ पेढे वाटतो, जेव्हा नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून चालू झाले. कोणी 2016 च्या शंकरपटात बैलजोडी पळवतो, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने पट बंद होते. अशा चुका सापडल्या की चिकित्सकांना उकळ्या फुटतात. पण नीट पाहिले तर या चुका निरुपद्रवी आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा कुठलाही पोरगा त्या पाच मिनिटांत धरील, आणि ब्रह्मपुरीत अशा पोरांचीही टंचाई नाही. पुढची आवृत्ती निघाली तर दुरुस्ती होते. न निघाली तरी इतिहासाचे काही बिघडत नाही, कारण गडचिरोली जिल्हा कधी झाला हे जाणून घ्यायला कोणी मास्तरांचे आत्मकथन उघडत नाही.

आत्मकथन उघडायचे ते निराळ्या घड्याळासाठी, आणि ते घड्याळ या भागात उत्तम चालते. इथे वर्षाचे भाग रोवणी, कापणी, मंडई (दिवाळीनंतरची जत्रा), मोहफूल आणि तेंदूपत्ता असे पडतात, आणि त्यांत कॅलेंडरापेक्षा जास्त माहिती असते. ‘मंडईच्या आधी’ म्हटले की दिवाळी झाली, हलके धान घरात आले, हातात चार पैसे आहेत आणि पाहुणे येणार आहेत, हे सगळे दोन शब्दांत कळते. ‘12 नोव्हेंबर’ म्हटल्याने यातले काहीच कळत नाही. शिवाय हे घड्याळ पंचांगाशी बेमालूम जुळते. चिमूरच्या उठावाचे साक्षीदार तो दिवस नागपंचमीचा म्हणून सांगत, आणि इतिहासाची पुस्तके 16 ऑगस्ट 1942 म्हणतात. दोन्ही एकच आहेत, फक्त पहिल्यात त्या दिवशी गावात सण होता हेही कळते. आणखी जवळचा दाखला नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा. तिथले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वाढवल्या, आणि त्यातून निघालेल्या बारीक तांदळाला व्यापाऱ्याने तेव्हा सर्वांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव दिले: एचएमटी. ‘आमच्या घरी एचएमटी शिजू लागला त्या साली थोरलीचे लग्न झाले’ असे कोणी लिहिले तर ते वर्ष ऐंशीच्या दशकाअखेरच्या आधीचे असूच शकत नाही, आणि घरची परिस्थिती जरा सुधारली होती हेही कळते. पुढे 2016 मध्ये एचएमटीच्या घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय झाला. तांदूळ बाजारात अजून विकला जातो. घड्याळ आणि धान यांतले काळ मोजायला जास्त भरवशाचे कोण, याचा निकाल खुद्द बाजारानेच लावला आहे.

काळाचा दुसरा घोटाळा मापाचा आहे. बालपणाला नव्वद पाने, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीला अकरा. त्या अकरा पानांत ‘नंतर माझी बदली सिंदेवाहीला झाली. तिथे तीन वर्षे होतो. नंतर मूल. तिथून नागभीड’ अशी वाक्ये येतात, आणि वाचक एसटीच्या वेळापत्रकात शिरल्यागत एकेक थांबा मागे टाकत जातो. बालपण लांबते याला लेखकाचा इलाज नाही. उतारवयात माणसाला दहा ते तीस या वयातल्या गोष्टी सर्वांत जास्त आठवतात, हे मानसशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या देशांत तपासून पाहिले आहे. आक्षेप नोकरीच्या पानांवर आहे. ती लेखक केवळ क्रम चुकू नये म्हणून लिहितो. आयुष्य क्रमाने घडले, तेव्हा ते क्रमानेच लिहायला हवे, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. पण क्रमाने लिहिलेले त्याचे आयुष्य सेवापुस्तिकेच्या रूपाने सरकारच्या ताब्यात आधीच आहे, तेही साक्षांकित. वाचकाला दुसरी प्रत कशाला? काळ कुठे थांबवावा आणि कुठे उडवावा, हे शिकायला लेखकाने फार लांब जायला नको. नदीपलीकडे वडशाला झाडीपट्टी रंगभूमीच्या मंडळांच्या कचेऱ्या आहेत. दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव त्यांची नाटके होतात, रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, आणि थंडीत घोंगड्या पांघरून बसलेला प्रेक्षक उठून जात नाही. त्या नाटकात नायकाची वीस वर्षे एका लावणीत निघून जातात आणि सासू-सुनेची एक बाचाबाची पाऊण तास रंगते. कोणीही उठून ‘मधली वीस वर्षे कुठे गेली?’ असे विचारत नाही, कारण त्या वीस वर्षांत काही घडले नव्हते हे त्याला पटलेले असते. आत्मकथनाला हाच हिशेब लावावा. जिथे काही पालटले तिथे बसावे. जिथे फक्त वेतनश्रेणी पालटली तिथे लावणी घालून पुढे जावे.

आता वासाकडे येऊ, कारण खरा गुन्हा तिकडे आहे. मराठी आठवणींसाठी गंधद्रव्यांचा एक तयार संच बाजारात आहे, आणि तो घेतल्याशिवाय लिहायला बसता येत नाही अशी समजूत दिसते. त्यात शेणाने सारवलेले अंगण, पहिल्या पावसाने भिजलेली माती, चुलीवरची भाकर, आजीचे लुगडे आणि कंदिलाचे रॉकेल एवढे जिन्नस असतात. हा संच कोकणात, देशावर आणि वऱ्हाडात सारखाच लागू पडतो, आणि त्याचा दोष हाच आहे. पहिल्या पावसाचाच वास घ्या. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये या वासाचा उलगडा केला. कोरड्या माती-खडकांत साचलेली तेले त्यामागे असतात, आणि त्यांच्या जोडीला मातीतल्या सूक्ष्मजीवांनी केलेले एक द्रव्यही असते. म्हणजे जिथे माती कोरडी होते आणि मग भिजते, तिथे पृथ्वीच्या पाठीवर तो वास येतो. मेलबर्नच्या माणसालाही येतो. ही लेखकाची आठवण नव्हे, ते मातीचे रसायन आहे. भाकरीचे प्रकरण तर त्याहून गंभीर. ब्रह्मपुरी धानाच्या पट्ट्यात येते. माजी मालगुजारी तलावांच्या पाण्यावर इथे पिढ्यान् पिढ्या धान पिकले आणि दोन्ही वेळा ताटात भात पडला. तरी आत्मकथनात आई चुलीपुढे बसून ज्वारीची भाकर थापत असते, आणि तो खरपूस वास घरभर पसरतो. ही भाकर मास्तरांच्या घरातली कमी आणि त्यांनी शिकवलेल्या मराठीच्या पाठ्यपुस्तकातली जास्त. इतकी वर्षे तो धडा शिकवला की शेवटी तो स्वतःच्याच लहानपणी घडला, असे वाटू लागले.

या भागाला स्वतःचे वास नाहीत असे थोडेच आहे? मोहफुलांचेच पाहा. होळीच्या आगेमागे झाडाखालची जमीन झाडून साफ करतात आणि पहाटे अंधारातच बाया-पोरे टोपल्या घेऊन फुले वेचायला जातात. ताज्या, रसरशीत फुलांचा वास जड आणि गोड असतो, इतका की काहींचे डोके दुखते. तीच फुले अंगणात वाळत घातली की आकसून तांबूस होतात आणि मनुकांच्या जवळ जाणारा वास सुटतो. आंबवली की तिसराच वास येतो, आणि तो कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आत्मकथनात मात्र ‘मोहफुलांचा मादक सुगंध’ एवढेच येते. मादक तो तिसरा वास. पहाटे टोपली घेऊन गेलेल्या पोराच्या नाकात शिरला तो पहिला. या एका विशेषणावरून लेखक त्या पहाटे झाडाखाली होता की अंथरुणात, हे ओळखता येते. रोवणीबद्दलही ‘हिरव्यागार धानाचे गालिचे’ येतात, पण दिवसभर चिखलात उभे राहून बायांच्या पायांच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्या, त्यांची रात्रीची आग, बांधीच्या कुजक्या पाण्याचा कपड्यांना चिकटलेला वास यांचा पत्ता नसतो. गालिचे रस्त्यावरून दिसतात. चिखल्या वाकल्याशिवाय होत नाहीत. तपशील खरा की उसना, हे ठरवायला एवढा एक प्रश्न पुरे: हा अनुभव घ्यायला त्या माणसाला कुठे उभे राहावे लागले असते?

नाकाची ही गत, तर कानाची विचारायलाच नको. मास्तरांची आई झाडीपट्टीतली, शाळेची पायरी न चढलेली. पण पुस्तकात ती ‘अरे बाळा, अभ्यासाकडे लक्ष दे हो’ असे सदाशिव पेठेतून बोलते. त्या माउलीने ‘काहून गा, जेवला नाहीस?’ असे विचारले असणार, पाण्याला ‘पानी’च म्हटले असणार, आणि निघताना ‘सांभाळून जाजो बापा’ म्हणून दारात उभी राहिली असणार. ते जसेच्या तसे लिहायला मास्तरांची लेखणी धजत नाही, कारण अशा बोलण्याबद्दलच त्यांनी वर्गात पोरांना छड्या दिलेल्या असतात. झाडीबोलीची साहित्य संमेलने भरतात, झाडीपट्टीच्या विनोदी नटाला, परशुराम खुणे यांना, 2023 मध्ये पद्मश्री मिळते, रात्र-रात्र लोक त्या बोलीवर हसतात आणि रडतात. फक्त स्वतःच्या आईला ती बोली द्यायला लेखक तयार नाही. आवाज हा काही शोभेचा जिन्नस नव्हे. आईचे बोलणे पालटले की पुस्तकात दुसऱ्याच कोणाची आई येऊन बसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो शास्त्राच्या नावाने. वास थेट मेंदूच्या भावनेच्या केंद्राशी जोडलेला आहे, म्हणून वासाची आठवण सर्वांत खरी, असे म्हणणारे मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीतल्या चहात बुडवलेल्या केकचाही दाखला देतात. प्रयोगांनी यातले अर्धेच उचलून धरले आहे. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुधा फार लहानपणीच्या असतात आणि त्या भावनेने जास्त भारलेल्या असतात, हे खरे. त्या जास्त अचूक असतात, असे मात्र निघालेले नाही. भावना दाटली म्हणजे तपशील बरोबर, ही समजूत किती पोकळ आहे ते मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी दाखवून दिले. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर अंतराळयान फुटले. दुसऱ्या सकाळी त्यांनी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून, बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होता, हे लिहून घेतले. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तर 11 जणांचे एकही मुख्य उत्तर आधीच्या कागदाशी जुळेना, आणि तरी त्यांची खात्री दांडगी होती. त्यांच्याच हातचे कागद पुढे ठेवले, तेव्हाही काहींना आताची आठवणच बरोबर वाटत होती. तीन वर्षांत ही अवस्था, तर साठ वर्षांपूर्वीच्या लुगड्याच्या वासाबद्दल छातीठोकपणे बोलण्याआधी माणसाने निदान एक घोट पाणी प्यावे.

माणसाचे राहू द्या, यंत्रही कधी कधी असेच भारावून जाते. मे 2024 च्या अखेरीस विदर्भात होरपळ चालू होती, ब्रह्मपुरीत पारा 47 अंशांच्या घरात होता, आणि नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंशांची नोंद केली. देशभर बातमी गेली. मग हवामान खात्याने तपासणी केली, यंत्रातला सेन्सर बिघडल्याचे सांगितले आणि तो आकडा बाद केला. आत्मकथनातल्या उन्हाचीही अशीच एकदा तपासणी व्हावी. ‘आमच्या लहानपणी असे ऊन नव्हते’ किंवा ‘आमच्या वेळचे ऊन तुम्हाला सोसले नसते’ यांपैकी एक वाक्य प्रत्येक पुस्तकात असते, आणि एकाच गावातली, एकाच वर्षी जन्मलेली दोन माणसे ही दोन्ही वाक्ये तितक्याच ठामपणे लिहितात. (दोघांचीही जन्मतारीख 1 जुलै, हे वेगळे सांगायला नको.) उन्हाला निदान वेधशाळेची वही आहे, ती उघडून वाद मिटवता येतो. वासाला तीही नाही, म्हणूनच तिथे जास्त जपून राहायचे.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे: आत्मकथन हे साहित्य आहे, तो पोलिसांचा पंचनामा नव्हे, थोडा रंग भरला तर कोणाचे काय जाते? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर मराठीतल्या उत्तम आठवणींनीच देऊन ठेवले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात भागाभागांनी आली. तारखांच्या बाबतीत बाई फारशा काटेकोर नाहीत, आणि त्याने कोणाचे अडलेले नाही. पण वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने घरच्यांचे काय हाल होत, ते त्यांनी अशा बारकाव्यांनी सांगितले आहे की ते घर उचलून दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात ठेवता येणार नाही. या भागाजवळचे उदाहरण हवे तर मारुती चितमपल्ली आहेत. माणूस सोलापूरचा, पण वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांध-नागझिऱ्याच्या रानात राहिला आणि ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र लिहून गेला. त्यांच्या रानात ‘पक्ष्यांची किलबिल’ नसते. विशिष्ट पक्षी, विशिष्ट झाडावर, विशिष्ट हंगामात असतो, आणि त्याला तिथले लोक काय म्हणतात तेही असते. या दोघांनी रंग भरला नाही. समोर होते ते नेमके नावानिशी सांगितले. रंग भरावा लागतो तो पाहिलेले विसरल्यावर. शिवाय पंचनाम्याला इतके हिणवायचे कारण नाही. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आणि माणूस रोज एकमेकांच्या वाटेत येतात. वनरक्षकाच्या पंचनाम्यात पंजाचा ठसा, ओढत नेल्याची खूण, झुडपात अडकलेला लुगड्याचा तुकडा एवढेच असते, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. आत्मकथनातला वाघ मात्र ‘साक्षात यमदूत’ म्हणून येतो, त्याचे डोळे निखाऱ्यासारखे असतात, दर आवृत्तीगणिक तो अर्धा हात लांबतो, आणि वाचक जांभई देतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: वाचकालाच हे सगळे आवडते. शेणाचे सारवण, कंदील, भाकर आली की मुंबईतल्या भाच्याच्या डोळ्यांत पाणी येते. येत असेल. पण ते पाणी त्याच्या स्वतःच्या आजोळासाठी येते. लेखकाच्या घराचा त्यात काही संबंध नसतो. ज्या तपशिलात कोणीही आपले घर बसवू शकतो, तो कोणाच्याच घराचा नसतो. उलट जो वाचक धानपट्ट्यात कधी आलाच नाही, त्याला कापणीनंतर बांधीत रचलेल्या पुंजण्यांचा ओलसर वास, राखणीला गेलेल्या बापाच्या घोंगडीत आलेले धानाचे कूस, आणि कूस लागून रात्रभर खाजणारी मान सांगितली, तर तो ती मान कधी विसरणार नाही. एवढे सांगायला चार ओळी लागतात. बाकीच्या दीडशे पानांत तसल्या आणखी पाच-सहा जागा निघाल्या तरी पुस्तक तरले. प्रत्येक पानावर अत्तर शिंपडायची गरज नाही. वाचकाला शिंका येतात.

तेव्हा लिहायला बसलेल्या, किंवा उद्या-परवा बसणार असलेल्या, सर्व मंडळींना एक विनंती आहे. तारखांसाठी रात्र जागवू नका. आठवली ती लिहा, नाही आठवली तर रोवणी-मंडईने भागवा, आणि फारच चुटपुट लागली तर तहसिलीत नकलेचा अर्ज टाका. वास, चव, आवाज आणि स्पर्श लिहिताना मात्र हात आखडा, आणि प्रकाशन समारंभाची पत्रिका छापायच्या आधी हस्तलिखित धाकट्या बहिणीच्या हाती द्या. त्या घरात तुमच्याइतकीच वर्षे वाढलेली, तोच भात जेवलेली आणि तुमचा कसलाही मुलाहिजा न ठेवणारी ती एकमेव साक्षीदार आहे. ‘दादा, आपल्या घरी भाकर कोण खात होतं?’ असे तिने जिथे विचारले, ती ओळ तिथल्या तिथे खोडा. आणि ‘अरे, हे तर मी विसरूनच गेले होते’ असे जिथे म्हणाली, तिथून पुस्तक सुरू करा.